विश्रामबागेतला गाळा आणि तीन जेवणारे

सांगलीच्या विश्रामबागेतला गाळा मंगळवारी रात्री मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला गेला. मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत तो शालनअक्कांच्या खानावळीसाठी राखून ठेवलेला होता. शनिवार ते मंगळवार या चार दिवसांत तीन पुरुष सांगली, मिरज, सातारा आणि इस्लामपूर अशा ठिकाणी जेवत फिरत होते. कोणत्या भागात सर्वांत चांगलं जेवण मिळतं हे ठरल्याशिवाय गाळा घ्यायचा नाही, असं त्यांच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. तिसरा मी होतो.

कवठे महांकाळ, शनिवार

शालनअक्कांची खानावळ कवठे महांकाळच्या बाहेर रस्त्याच्या कडेला होती. पत्र्याची शेड, चार बाकं, मागे दोन चुली. मी सांगलीत बातमीदार असताना त्या बाजूच्या दौऱ्यांत तिथे जेवत असे. पुढे माझी बदली पुण्याला झाली आणि मी निवृत्तही तिथेच झालो. रस्ता रुंद झाला तेव्हा शेड गेली. त्यानंतर अक्का घरीच डबे करू लागल्या. गावात डबे घेणारे थोडे होते. त्यातलेही दोघे बदली होऊन गेले.

गाळा एका निवृत्त मास्तरांचा होता. विश्रामबागेत सांगली–मिरज रस्त्याला लागून त्यांचं घर आणि तळमजल्यावर गाळा. नोकरीच्या काळात कवठे महांकाळला एकटे राहत असताना ते चार वर्षं अक्कांकडे जेवले होते. शेड गेल्याचं कळल्यावर त्यांनी आपणहून निरोप पाठवला. त्यांची अट एकच होती, करारावर जामीन म्हणून अक्कांच्या भावाची सही हवी. मुदत मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत, कारण दुसरं गिऱ्हाईक दारात होतं.

भाऊ म्हणजे रघुनाथ, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. इस्लामपूरजवळच्या गावात त्यांचा ऊस आहे. त्यांनीच मला फोन करून बोलावलं होतं. "तुमी पेपरवाले. धा ठिकाणचं खाल्लेलं. आपल्याला एरियाचा सर्व्हे करायचा हाय," असं ते म्हणाले होते.

अक्कांनी गाळा दोनदा पाहिलेला होता. त्या दिवशी मी ओट्यावर बसलो असताना त्या भावाला सांगत होत्या, "मागं मोरी हाय. नळाला पाणी हाय. धूर जायाला खिडकी हाय. अजून काय पायजे रं?"

"अक्का, हे बायामाणसाचं काम न्हाई. एरिया बघावा लागतो."

"मी काय एरिया रांधनार हाय व्हय?"

इतक्यात दिनकरराव आले. ते साताऱ्याचे. अक्कांची एकुलती एक मुलगी त्यांच्या घरी दिलेली आहे, म्हणजे ते अक्कांचे व्याही. त्यांनाही सुभेदारांनीच बोलावलं होतं. व्याह्यांना न विचारता काही करणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत. दिनकरराव दारात दिसताच अक्कांनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या आत गेल्या. मुलीच्या सासऱ्यासमोर मुलीच्या आईने बोलायचं नाही, हा तिकडचा रिवाज आहे. त्यानंतर अक्कांचं म्हणणं मला थेट ऐकू आलं नाही. ते सुभेदारांमार्फत आलं, आणि सुभेदारांनी त्यातलं फारच थोडं पुढे पोचवलं.

जेवायला शाळू ज्वारीची भाकरी आणि मटण होतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, पापुद्रा सुटलेली, कडा न फाटलेली. रस्सा पातळ, लालसर काळा. तिखट आधी जाणवत नव्हतं, दुसऱ्या घासाला जाणवत होतं. मटण हाडापासून बोटाने सुटत होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सुभेदारांनी पाच. दिनकररावांनी मोजू दिल्या नाहीत.

चांगलं जेवण कुठे मिळतं हा वाद याच ताटावर सुरू झाला.

"सांगलीत जेवायचं म्हंजे मिरजेत," भाकरी मोडत सुभेदार म्हणाले.

"मिरज सांगलीत कवापास्नं आली?" दिनकररावांनी विचारलं.

"म्हापालिका एक हाय की."

"म्हापालिका एक असंल. रस्सा एक हाय का? आवं सुभेदार, खरं जेवण साताऱ्यात. त्येबी राजवाड्याच्या अंगाला. पोवई नाक्याकडं उतरलं की चव गेली."

"मग पाव्हणं, खानावळ साताऱ्याला टाकायची म्हंता?"

"मी कुटं तसं म्हंतोय? पण बघायला काय हरकत हाय?"

आतून रस्स्याचं पातेलं आलं. वाट्या पुन्हा भरल्या गेल्या. दोघांपैकी कोणीही हात आडवा धरला नाही.

सांगली आणि मिरज, रविवार

मास्तरांनी चहा दिला, पोहे दिले आणि किल्ली हातात ठेवली. सुभेदार गाळ्यात वीस मिनिटं होते. गाळ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, शेजारी कोण, आधी कोण होतं आणि ते का गेलं, हे त्यांनी विचारलं. दिनकररावांनी भिंतीवर बोटाने टकटक केली. नळ दोघांपैकी कोणी सोडून पाहिला नाही. मी सोडला. पाणी होतं.

"कसा वाटला?" मास्तरांनी विचारलं.

"बघतो. अजून दोन-चार ठिकाणं बघायची हाईत. कळीवतो."

"मंगळवारी सहापर्यंत कळवा. त्यानंतर मला थांबता येणार नाही."

"व्हय, व्हय."

रस्त्यावर आल्यावर मी सुभेदारांना विचारलं, गाळा आवडला नाही का.

"आवडला की! एक नंबर हाय. पण पहिल्या दमात व्हय म्हणलं तर आपली किंमत काय ऱ्हाती? पोरगी बघाय गेल्यावर तितल्या तितं व्हय म्हणत्यात का?"

दिनकररावांना हे पूर्णपणे पटलं. "तुमची भाची बघून गेल्यावर आमी दीड महिना काय कळीवलं न्हाई," ते म्हणाले. "तवा मान ऱ्हायला."

"लय वाट बघाय लावलीसा, पाव्हणं."

"लावावी लागती."

सहाच्या मुदतीची मी आठवण करून दिली. "त्यो म्हंतोय तसं," सुभेदार म्हणाले. "गाळा काय पळून जातोय व्हय?"

पहिली चाचणी विश्रामबागेचीच होती. शंभर फुटी रस्त्यावर एक वातानुकूलित रेस्टॉरंट आहे. काचेचं दार, आत थंडी, जेवणाच्या यादीत अकरा प्रकारचं पनीर. सुभेदारांनी मटण आणि भाकरी मागवली. भाकरी टोपलीत कागदी रुमालाखाली झाकून आली. वरून लोणी लावलेलं, मधून गार, कडेला कच्ची. ती मोडली नाही, फाटली. रस्सा गोड होता. या जेवणाबद्दल तिघांचं एकमत झालं. चार दिवसांत ते एकदाच झालं. त्याच्या आधारे सुभेदारांनी निष्कर्ष काढला की विश्रामबाग हा जेवणाचा एरियाच नाही.

"एका हॉटेलावरनं?" मी विचारलं.

"शितावरनं कळतं की."

दुसरी चाचणी गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत. बोळ अरुंद. सुभेदारांची जीप पेठेच्या तोंडाशी लावून चालत जावं लागलं आणि त्यांचं मत तिथेच निम्मं बनलं. खानावळीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण रंगाने ओढून ठेवलेली होती. बाकावर बसल्यावर ती आमच्या डोक्यांच्या वर होती. मालक ती रेघ आलेल्या प्रत्येकाला दाखवत होते. जेवण मात्र उत्तम होतं. मेथीची पळीवाढी भाजी, ताजा खर्डा, गरम भात. मी तसं म्हणालो.

"जीप कुटं लावायची?" सुभेदार म्हणाले.

गावभाग बाद झाला.

मिरजेबद्दल सुभेदारांचा आग्रह मोठा होता. नोकरीत असताना सुट्टीवर येताना ते मिरज जंक्शनला उतरत आणि घरी जाण्याआधी स्टेशनजवळच्या एका खानावळीत जेवत. "जगात कुटं खाल्लं न्हाई तसं," ते म्हणाले. पठाणकोट, तेजपूर, जोधपूर अशी तुलना झाली. मग आम्ही ती खानावळ शोधायला निघालो. त्या जागी प्रवासी बॅगांचं दुकान होतं. सुभेदारांनी दुकानदाराला खानावळीबद्दल विचारलं.

"मी आल्यापास्नं हितं बॅगाच हाईत, काका."

"किती वर्सं झाली?"

"बारा."

निवृत्तीनंतर मिरजेत कितीदा जेवलात, असं मी सुभेदारांना विचारलं. एकदाही नाही. "घरी जेवतो की," ते म्हणाले. मिरजेबद्दलचं मत त्यांनी बदललं नाही. खानावळ गेली म्हणून चव जाते का, असा त्यांचा प्रश्न होता.

असे वाद पुण्यातही होतात आणि तितकेच निरर्थक असतात. फरक एवढाच की पुण्यातला भांडणारा त्या ठिकाणी एकदा तरी जेवलेला असतो. दुसराही एक फरक दिसला. इकडे यजमान पाहुण्याला हॉटेलात नेतो, त्याच्यासाठी मागवतो, समोर बसून "घ्या वो" म्हणत राहतो आणि स्वतः पाणी पितो. दिनकररावांनी पुढच्या दिवशी जे केलं ते या चालीत बसतं. पूर्ण मात्र बसत नाही.

सातारा, सोमवार

राजवाड्याजवळची दिनकररावांची खानावळ बंद होती. दारावर पाटी होती, "सोमवारी बंद". पाटी नवी नव्हती. अक्षरांचा रंग उडालेला होता.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"सोमवारी मी कवा येतोय? सोमवार असतो माझा."

दिनकरराव सोमवारी उपास करतात. मटणाची परीक्षा घ्यायला त्यांनी आम्हाला सोमवारी साताऱ्याला आणलं होतं. हे त्यांच्या लक्षात तिथे, त्या पाटीसमोर आलं. ते फारसे विचलित झाले नाहीत. चौक ओलांडून ते दुसऱ्या एका ठिकाणी घेऊन गेले. आम्हा दोघांसाठी मटणाची ताटं सांगितली, स्वतःसाठी शेजारच्या दुकानातून साबुदाण्याची खिचडी मागवली आणि समोर बसून परीक्षेला सुरुवात केली.

"कसं हाय?"

"खारट," मी म्हणालो.

"न्हाई. खारट नसतंय हितं."

"पाव्हणं, खारट हाय," सुभेदार म्हणाले.

"तुमच्या जिभेला मिरजेची सवय."

वाढायला आलेल्या साठीच्या गृहस्थांनी हे ऐकलं. ते सरळ माणूस असावेत. "कालचं हाय वो," ते म्हणाले. "सोमवारी खपत न्हाई, म्हणून ताजं करत न्हाई."

दिनकररावांनी खिचडीचा चमचा खाली ठेवला. "बघा, म्हणूनच. मटण मुरलं की चढतं."

जेवणानंतर त्यांनी कंदी पेढे घेतले. ते उपासाला चालतात. तेवढ्यात अक्कांचा फोन आला. सुभेदार जीप सुरू करत होते, म्हणून त्यांनी फोन मोठ्या आवाजावर लावून पुढे ठेवला.

"रघू, मास्तरांचा फोन आलता. सही कवा करतूयस?"

"अक्का, काम चालू हाय. सर्व्हे चाललाय."

"कशाचा?"

"एरियाचा."

"मी मास्तरांना व्हय म्हणून सांगितलंय रं. ते म्हंत्यात, भाऊ कळीवतो म्हणून गेलाय, मी कुणाचं खरं धरू? चूल माझी पेटायची हाय. तुझा एरिया न्हाई."

दिनकरराव मागच्या सीटवरून पुढे झुकले. "नमस्कार, विहीणबाई," ते म्हणाले. "काळजी करू नका. आमी हाय न्हवं बरोबर."

पलीकडून फोन बंद झाला.

"अक्काचं समाधान झालं," सुभेदार म्हणाले.

इस्लामपूर, मंगळवार

साताऱ्याहून आम्ही सकाळी निघालो. थेट गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला सांगलीत पोचलो असतो. सुभेदारांनी जीप इस्लामपूरजवळ स्वतःच्या गावाकडे वळवली. घरी सांगून ठेवलं होतं, जेवल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं. कारखाना सुरू होता. उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास गेला.

जेवण चांगलं होतं. त्याची कोणीही दखल घेतली नाही, कारण ते घरचं होतं. जेवताना सुभेदारांनी सर्व्हेचा वृत्तांत सांगितला. भावकीतले चौघे-पाच जण ओसरीवर येऊन बसले. तासाभरात वादात नवे भाग दाखल झाले. एकजण म्हणाला आष्टा. दुसरा म्हणाला हायवेचे ढाबे, "त्यातबी पुण्याकडनं येताना डाव्या हाताचं." तिसऱ्याने सांगितलं की खरं मटण दहिवडीच्या बाजूचं, माण तालुक्यातलं.

"तू माणात कवा गेलतास?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई गेलो. पण तिकडची बकरी रानात फिरत्यात. चव असनारच की!"

हा मुद्दा मान्य झाला.

पाच वाजता मी वेळ सांगितली. सांगली तासाभराच्या अंतरावर होती.

"चहा घिऊन निघू," सुभेदार म्हणाले.

चहा साडेपाचला आला. तेव्हा मी निदान मास्तरांना फोन करा असं सुचवलं. सुभेदारांनी मान हलवली. "आता फोन केला तर आपली गरज दिसंल. शेवटच्या टायमाला समोरच्यानं फोन करायचा असतो. आमच्यात तसंच हाय."

दिनकरराव म्हणाले, "बराबर. मुलाकडच्यानं घाई करायची नसती."

आपण मुलाकडचे कसे, हे त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांना गुऱ्हाळ पाहायचं होतं. गुऱ्हाळ घराच्या मागे, दोन शेतं ओलांडून. आम्ही चालत गेलो. काहिलीत रस उकळत होता, कडेला फेस जमत होता. सर्वांना गरम काकवी दिली गेली. दिनकररावांनी ती बोटाने चाटली आणि काकवीच्या बाबतीत साताऱ्याचा हात कोणी धरत नाही असं म्हटलं.

परत आलो तेव्हा सात वाजत होते. सुभेदारांचा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्यावर न घेतलेले तीन फोन दिसत होते. दोन अक्कांचे, पाच पन्नास आणि पाच अठ्ठावन्नचे. एक मास्तरांचा, सहा वाजून दहा मिनिटांचा.

"बगा," सुभेदार म्हणाले. "आला का न्हाई त्येचा फोन?"

त्यांनी तो उलट लावला नाही. सकाळी समक्षच जाऊ, असं ठरलं.

सांगली, बुधवार

आम्ही अकरा वाजता पोचलो. गाळ्याचं शटर उघडं होतं. एक माणूस स्टुलावर उभा राहून भिंतीतल्या फळीला टांगण्याचे आकडे लावत होता. खाली खोक्यांत मोबाइलची कव्हरं होती. मास्तर फाटकापाशीच उभे होते. त्यांनी चहा विचारला नाही.

"मी सहापर्यंत थांबलो," ते म्हणाले. "मग मीच फोन केला. मग साडेसातपर्यंत थांबलो."

"मास्तर, आमची एक पद्धत असती—"

"सुभेदार, गाळा भाड्यानं द्यायचा होता. लग्न नव्हतं ठरवायचं."

"त्याला जरा समजावून सांगितलं तर?" दिनकररावांनी स्टुलावरच्या माणसाकडे पाहून विचारलं.

"काल रात्री सही झाली. त्याचा जामीन त्याच्याबरोबर आला होता."

जीपमध्ये बसल्यावर अक्कांना कोणी सांगायचं हा प्रश्न निघाला. सुभेदारांचं म्हणणं, पाव्हण्यांनी सांगावं, त्यांच्यापुढे ती बोलणार नाही. दिनकररावांचं म्हणणं, भावाने सांगावं. शेवटी दोघांच्या मते हे बातमी देणाऱ्याचं काम होतं. मी फोन केला. गाळा गेला, एवढं सांगितलं.

"बरं," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवन कुटं चांगलं मिळतंय ते ठरलं का तिगांचं?"

"नाही."

"आता सवड हाय. ठरवा."

त्यानंतर

पुढची माहिती फोनवरून मिळाली आणि मी ती दोन ठिकाणी पडताळून घेतली.

दिनकररावांचं मत साताऱ्याच्या बाजूने कायम आहे. राजवाड्याजवळची ती खानावळ अजूनही सोमवारी बंद असते.

पुढच्या महिन्यात शालनअक्कांनी शंभर फुटी रस्त्यावरच्या त्या वातानुकूलित रेस्टॉरंटमध्ये काम धरलं. तिथे त्या भाकऱ्या करतात. वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. नोकरीच्या कागदावर जामीन लागला नाही.

एका रविवारी दुपारी सुभेदारांचा मला फोन आला. आवाज खुशीत होता. "सायेब, आपला सर्व्हे चुकला बरं का. विश्रामबागेत लय भारी जेवन मिळाय लागलंय. त्योच आपला एसीवाला. भाकरी तर एक नंबर!"

भाकरी कोण करतं हे माहीत आहे का, असं मी विचारलं.

"म्हंजे काय? अक्का करती की."

भेटलात का, असं विचारलं.

"आत सोडत न्हाईत वो गिऱ्हाइकाला. डिसिप्लिन हाय तितं."

त्या दिवशी सुभेदारांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. अक्का कामावरून सुटल्यावर साडेपाचच्या एसटीने कवठे महांकाळला परततात. ती गाडी मास्तरांच्या गाळ्यासमोरून जाते.